सस्कॅचवानची लिली, ग्राउज आणि एक साधं गवत

सस्कॅचवान या कॅनडातल्या प्रॉव्हिन्समध्ये, म्हणजे राज्यात, प्रॉव्हिन्सची चिन्हं शोधायला कुठे जावं लागत नाही, पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघितली तरी गव्हाच्या ओंब्या आणि 'लँड ऑफ लिव्हिंग स्काइज' दिसतं. पण ऑफिशियल चिन्हांची अख्खी यादी विचारली तर इथेच जन्मलेली माणसंसुद्धा झेंडा आणि फूल सांगून थांबतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं कारण ती यादी खरंच वाचण्यासारखी आहे. त्यात फूल आहे, पक्षी आहे, झाड, प्राणी, मासा, फळ, गवत, खनिज, खेळ, कापडाचं डिझाइन आणि चक्क एक डायनासोर आहे. सगळं एकदम कोणी बसून ठरवलेलं नाहीये, १९०६ पासून २०१६ पर्यंत एक एक करत जमा होत गेलंय.

यातली तीन चिन्हं, म्हणजे फूल, पक्षी आणि गवत, एकाच जागची आहेत. कधीच नांगर न लागलेल्या माळावरची. इथे त्याला नेटिव्ह प्रेअरी म्हणतात. आणि तो माळ वर्षानुवर्षं कमी होतोय. आज लिहायला बसले ते मुख्यतः यासाठीच, पण बाकीच्या चिन्हांवरून उडी मारून जायचं मनात येत नाही, त्यामुळे जरा लांबेल.

फुलापासून सुरू करते. वेस्टर्न रेड लिली, १९४१ पासून प्रॉव्हिन्सचं फूल. जूनच्या शेवटी आणि जुलैत फुलते, नाव रेड असलं तरी रंग नारिंगीकडे झुकणारा लाल, आणि बाकीच्या बऱ्याच लिली मान खाली घालतात तशी ही घालत नाही, सरळ आभाळाकडे तोंड करून उघडते. जवळ बसून बघितलं तर सहा पाकळ्या दिसतात, प्रत्येक पाकळी बुडाशी इतकी निमुळती होते की दोन पाकळ्यांच्या मधून खालचं गवत दिसतं, आणि आत तळाशी काळपट ठिपके असतात. एका दांड्यावर बऱ्याचदा एकच फूल. ती सगळी पानंसुद्धा त्याच एका दांड्यावर असतात, आणि इथेच सगळी गोष्ट अडते. कारण तुम्ही फूल म्हणून तो दांडा तोडलात की पानंही गेली, खाली जमिनीत जो कंद आहे त्याला अन्न पुरवणारं काही उरलं नाही, आणि पुढच्या वर्षी ते झाड येईलच असं नाही. बी पडून नवीन रोप उगवलं तर त्याला पहिलं फूल यायला कित्येक वर्षं जातात. म्हणजे फुलदाणीत दोन दिवस टिकणाऱ्या एका फुलासाठी आपण किती वर्षांचं काम संपवतो बघा.

म्हणून कायदाच आहे. प्रॉव्हिन्सच्या चिन्हांविषयी जो कायदा आहे त्यात स्पष्ट लिहिलंय की ही लिली तोडायची नाही, उपटायची नाही, खणून न्यायची नाही, नासधूस करायची नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक ठिकाणी राज्याचं फूल म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र असतं, त्याच्याशी कोणाला काही देणंघेणं नसतं. इथे चिन्हाबरोबर एक जबाबदारी आली आणि ती प्रत्येकावर आली, हायवेच्या कडेला गाडी थांबवून खाली उतरणाऱ्या टुरिस्टवरसुद्धा. मुलांना मी हेच सांगते, फोटो काढायचा, गुडघ्यावर बसून काढायचा, दांड्याला हात लावायचा नाही. याच कायद्यात एक सूट पण आहे, तिच्याकडे शेवटी येते.

आता झेंडा. हा मला कॅनडातला सगळ्यात सुंदर प्रॉव्हिन्शियल झेंडा वाटतो आणि यावर कोणाशीही वाद घालायची तयारी आहे. वरचा अर्धा भाग हिरवा, खालचा अर्धा सोनेरी, हिरवा म्हणजे उत्तरेकडची जंगलं आणि सोनेरी म्हणजे दक्षिणेकडची धान्याची शेतं, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात प्रॉव्हिन्सची ढाल आणि दुसऱ्या बाजूला ही लिली, दोन्ही रंगांवर पसरलेली. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून गाडीने उत्तरेला निघालात, रजायना, मग सस्कटून, मग प्रिन्स अल्बर्ट, तर हाच झेंडा खालून वर बघत गेल्यासारखं होतं, आधी पिवळं मग हिरवं. स्पर्धा ठेवली होती, चार हजारांवर डिझाइन्स आली, आणि जिंकले हॉजव्हिल नावाच्या छोट्याशा गावातले अँथनी ड्रेक. १९६९ मध्ये झेंडा स्वीकारला गेला, पण तो पहिल्यांदा फडकायच्या आधीच ड्रेक इंग्लंडला परत गेले होते. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या डिझाइन ऑफिसमधून हा झेंडा आला नाही, हॉजव्हिलमधून आला, याचा त्या गावाला आजही केवढा अभिमान आहे, आणि असायलाच हवा.

झेंड्यावरची ढाल मात्र जुनी आहे, १९०६ ची. प्रॉव्हिन्स जन्मला १ सप्टेंबर १९०५ ला आणि पुढच्याच वर्षी राजा सातवा एडवर्ड यांनी ही ढाल दिली. वर सोनेरी पट्ट्यात लाल सिंह, खाली हिरव्यावर गव्हाच्या तीन पेंढ्या. सिंहाचं ठीक आहे, तो ब्रिटिश राजघराण्याचा, सगळीकडेच असतो. गव्हाच्या पेंढ्या मात्र तेव्हा एक प्रकारे पैज होती असं मला वाटतं, कारण इथला उन्हाळा छोटा, पीक तयार व्हायच्या आत थंडीचा तडाखा बसायचा, हे मोठ्या प्रमाणावर जमणार की नाही हे अजून सिद्ध व्हायचं होतं. ते झालं लवकर तयार होणाऱ्या मार्क्विस जातीच्या गव्हामुळे. रॉसथर्नच्या सीगर व्हीलर नावाच्या शेतकऱ्याने हाच गहू पेरला आणि १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक हजार डॉलरचं सोन्यातलं पहिलं बक्षीस आणलं, आणि पुढेही बक्षिसं आणत राहिला. म्हणजे ढाल आधी आली आणि पुरावा पाच वर्षांनी.

१९८६ मध्ये या ढालीला बाकीचा साज मिळाला, म्हणजे वर मुकुट आणि हातात लिली धरलेला बीव्हर, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या शेपटीचं हरीण, आणि खाली लॅटिनमधलं ब्रीदवाक्य, मुल्तिस ए जेंतिबुस व्हिरेस, अनेक लोकांमधून येणारं बळ. या दोन्ही प्राण्यांच्या गळ्यात प्रेअरीवरच्या फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळनिवासी लोकांच्या, मणीकामाचे पट्टे आहेत. नीट बघा हं कधी मिळालं तर, ब्रिटिश सिंहाच्याही गळ्यात आहे. मला हे खूप आवडतं आणि त्याच वेळी टोचतंही, कारण ज्या वर्षी हे ब्रीदवाक्य मंजूर झालं त्या वर्षी याच प्रॉव्हिन्समध्ये पनिचीजवळचं गॉर्डन रेसिडेन्शियल स्कूल, म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणारी शाळा, चालू होतं. ते बंद झालं १९९६ मध्ये, देशातल्या अगदी शेवटच्या अशा शाळांपैकी एक. ज्या लोकांचं मणीकाम राजचिन्हावर घेतलं त्यांच्याच मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणारी व्यवस्था आणखी दहा वर्षं चालली. म्हणून हे ब्रीदवाक्य मला मिरवायची गोष्ट वाटत नाही, अजून फेडायचं देणं वाटतं. युक्रेनमधून आलेले, जर्मनीतून, स्कँडिनेव्हियातून, आणि आता आमच्यासारखे, आम्ही सगळे त्या वाक्यात आरामात बसतो, पण जे इथे सगळ्यांच्या आधी होते त्यांच्यासाठी ते वाक्य खरं झालं पाहिजे.

काही चिन्हांवर पटकन जाते. टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापडाचं डिझाइन, १९६१ चं, त्यात मुख्य रंग सोनेरी, गव्हाचा. झाड पेपर बर्च, पांढऱ्या सालीचं, उत्तरेत भरपूर. हरीण २००१ मध्ये प्राणी म्हणून आलं, दिसायला देखणं आहे पण संध्याकाळी हायवेवर त्याच्यापासून जपून राहा. मासा वॉलआय, २००७ चा, लोक त्याला पिकरल म्हणतात, डोळ्यांत मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे गढूळ पाण्यात आणि अंधारात त्याला छान दिसतं. फळ सस्कटून बेरी, २००५ मध्ये म्हणजे प्रॉव्हिन्सला शंभर वर्षं झाली तेव्हा, आणि हे अगदी योग्यच झालं, कारण याच बेरीवरून सस्कटून शहराचं नाव पडलंय आणि शहर व्हायच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं ती वाळवून बायसनच्या मांसाबरोबर आणि चरबीबरोबर पेमिकनमध्ये घालत होती, हिवाळाभर टिकणारं अन्न. आजकाल तिचा पाय (pie, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) करतात आणि तोही अप्रतिमच लागतो.

खनिज म्हणून पोटॅश निवडलं याबद्दल मला या लोकांचं कौतुक वाटतं. चमकणारं रत्न वगैरे काही नाही, खत! गुलाबी विटकरी रंगाचे, मिठासारखे खडे. जगात सगळ्यात जास्त पोटॅश कॅनडात निघतं आणि ते जवळजवळ सगळं सस्कॅचवानमधून, तिथून जगभरच्या शेतांत जातं, भारतातसुद्धा. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे एक उथळ समुद्र होता, तो आटत गेला आणि हे क्षार मागे राहिले. १९४० च्या दशकात रॅडव्हिलजवळ तेलासाठी बोअर मारताना ते पहिल्यांदा सापडले. पण सापडणं वेगळं आणि काढणं वेगळं, कारण थर साधारण एक किलोमीटर खाली आणि मध्ये पाण्याने भरलेला वाळूचा थर. एस्टरहेझीला खाणीचा शाफ्ट, म्हणजे खाली उतरायचा उभा बोगदा, खणताना हेच पाणी आडवं आलं, तेव्हा इंजिनियरांनी काय केलं तर ती ओली जमीनच गोठवली, गोठलेल्यातून खणत खाली गेले आणि शाफ्टला आतून लोखंडी कड्यांचं अस्तर लावलं, मग कुठे १९६२ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे वाचल्यापासून मला तो गुलाबी खडा बघितला की वेगळाच आदर वाटतो.

आणि कर्लिंग, बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ. २००१ मध्ये ऑफिशियल खेळ झाला, पण त्याआधी कित्येक दशकं तो होताच, गाव कितीही छोटं असो, धान्य साठवायचा एलेव्हेटर, चर्च आणि कर्लिंग रिंक या तीन गोष्टी असायच्या. एर्नी रिचर्डसनच्या टीमने १९५९, १९६०, १९६२ आणि १९६३ मध्ये वर्ल्ड टायटल आणलं. आणि सँड्रा श्मर्लर, बिगर गावची, तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियन, १९९८ मध्ये नागानोला बायकांच्या कर्लिंगचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड तिच्या टीमचं. मार्च २००० मध्ये ती गेली, फक्त ३६ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी कर्लिंग प्रॉव्हिन्सचा खेळ झाला, आणि माझ्यासाठी तरी ते चिन्ह तिचंच आहे.

सगळ्यात नवं म्हणजे २०१६ चं फॉसिल, टायरनोसॉरस रेक्स, म्हणजे आपली लाडकी स्कॉटी. लोकांची मतं मागवली होती आणि लोकांनी टी. रेक्सच निवडला, दुसरं काय निवडणार! १९९१ मध्ये ईस्टएंडजवळ फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात तिथल्याच शाळेचा प्रिन्सिपॉल रॉबर्ट गेबहार्ट हा तज्ञांबरोबर फिरायला गेला होता, फॉसिल शोधायचे कसे ते शिकायला, आणि त्याला एक झिजलेला दात आणि शेपटीचा मणका दिसला. खोदकाम १९९४ मध्ये सुरू झालं, दगड इतका कठीण की सगळी हाडं मोकळी करायला दहा वर्षांवर गेली. २०१९ मध्ये जो पेपर आला त्यात वजनाचा अंदाज साधारण ८,८७० किलो, तोवर मोजलेल्या टी. रेक्समध्ये सगळ्यात मोठी. रजायनाच्या म्युझियममध्ये तिच्या पायाशी उभं राहून वर बघा, बाकी काही सांगायला नको.

आता त्या माळाकडे येते. २००१ मध्ये एक गवत चिन्ह झालं, नीडल अँड थ्रेड ग्रास, आणि या यादीतलं ते सगळ्यात दुर्लक्षित आहे याची मला खात्री आहे. पण एक बी हातात घेऊन बघा. खालचं टोक सुईसारखं अणकुचीदार, आणि मागे बोटापेक्षा लांब, दोऱ्यासारखी पिळदार शेपटी. हवा दमट झाली की तो पीळ सुटतो, कोरडी झाली की परत बसतो, आणि या उलटसुलट फिरण्याने बी स्वतःला स्वतःच जमिनीत खुपसून घेतं, ड्रिल केल्यासारखं. ओल्या बोटांनी ती शेपटी धरलीत तर हातातच हळूहळू वळवळताना दिसते. दुष्काळ, वारा, चराई, सगळं सोसणारं गवत आहे हे. नांगर मात्र सोसत नाही, एकदा जमीन उलटली की संपलं, आणि तसा माळ परत तयार करणं अतिशय अवघड असतं.

आणि पक्षी, शार्प-टेल्ड ग्राउज, १९४५ पासून. तितराच्या जातकुळीतला, अंगावर तपकिरी पांढरी नक्षी, पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, हिवाळ्यात रात्री बर्फात बीळ करून झोपतो. एरवी समोर बसलेला असला तरी दिसत नाही. पण एप्रिलमध्ये पहाटे नर एका ठरलेल्या जागी जमतात, तीच जागा वर्षानुवर्षं, आणि नाचतात. पंख आडवे पसरलेले, डोकं खाली, शेपूट ताठ वर, मानेवरच्या जांभळ्या पिशव्या फुगवलेल्या आणि पाय इतके भरभर आपटतात, सेकंदाला वीसेक वेळा, की ते पाऊल न वाटता नुसती थरथर वाटते, शेपटीच्या पिसांचा खडखडाट ऐकू येतो, आणि मग सगळे एकदम थांबतात, एकदम म्हणजे एकाच क्षणी, आणि परत एकदम सुरू. प्रेअरीवरच्या अनेक फर्स्ट नेशन्सच्या नाचांमध्ये या पक्ष्याचा नाच आहे, चिकन डान्स म्हणतात, पॉवावमध्ये, म्हणजे त्यांच्या नाचगाण्याच्या मेळाव्यात, बघायला मिळतो. बघायला जायचं तर उजाडायच्या आत पोचा आणि गाडीतच बसून राहा, खाली उतरलात की सगळे उडून जातात आणि त्यांची ती सकाळ फुकट जाते.

तर मुद्दा असा की नाचायला ती जागा लागते, लपायला आणि अंडी घालायला ते गवत लागतं, लिलीलाही तीच न उलटलेली माती लागते. आणि दक्षिणेतला बहुतेक माळ शंभर वर्षांत शेताखाली गेलाय. जो उरलाय त्याचा मोठा भाग सरकारी चराऊ कुरणांमुळे उरलाय, १९३० च्या दुष्काळात माती उडून गेली तेव्हा केंद्र सरकारने १९३५ मध्ये कायदा केला आणि पुढे ही कुरणं उभी राहिली. २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यातून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं, जमिनी प्रॉव्हिन्सकडे आल्या, आता त्या गुरं चारणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटांना भाड्याने दिल्या जातात. ही शेतकरी मंडळी माळाची शत्रू आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, उलट गुरं नीट चारणाऱ्यांनीच तो टिकवलाय. वॅल मेरीजवळच्या ग्रासलँड्स नॅशनल पार्कमध्ये २००५ च्या डिसेंबरमध्ये बायसन परत आणले तेही याचसाठी, या गवताला चरणारं जनावर हवंच असतं. माझं म्हणणं एवढंच की पिकाचे भाव वाढले की हाच तुकडा नांगरायचा मोह होतो, आणि त्या वेळी कोणीतरी म्हणायला हवं की इथे आपल्या यादीतली तीन चिन्हं राहतात.

आणि हीच ती कायद्यातली सूट. लिली तोडायला बंदी आहे, पण कायदेशीर कामधंदा करताना, मशीन चालवताना लिली गेली तर तो गुन्हा नाही. एक फूल तोडणारा मुलगा चुकला आणि सगळा उतार नांगरणारा किंवा जुलैत रस्त्याकडेचा खंदक मशीनने साफ कापणारा बरोबर, हे मला पटत नाही. शेतीला सूट द्यावी लागते हे समजतं, पण रस्त्याकडेची कापणी तरी थांबवता येते. लिलीचं बी पिकायला उन्हाळ्याचा शेवट होतो, त्याआधी कापलं तर ना बी ना कंदाला अन्न. तुमच्या रूरल म्युनिसिपॅलिटीत रस्त्याकडेला लिली दिसत असेल तर ऑफिसला फोन करून जागा सांगा आणि तेवढा पट्टा सप्टेंबरपर्यंत कापू नका म्हणून विचारा, जमिनीचा मालक ओळखीचा असेल तर त्यालाही सांगा. लोक ऐकतात, लिलीचं नाव काढलं की इथे कोणीही आधी ऐकून घेतं.